कावळ्याला दिलेला शब्द

हिंदी सिनेमाचं अवार्ड टीव्हीवर लागलं की आमच्या घरात कुणी हिरो-हिरॉइनकडे बघत नसे. आम्ही उजेडाकडे बघायचो. माझा धाकटा भाऊ लाइटमन होता. वर्षातून एकदा होणाऱ्या त्या मोठ्या सोहळ्यात सगळ्या खुर्च्यांच्या पार मागे, उंच मचाणावर बसून तो स्टेजवरच्या माणसावर दिव्याचा गोल धरायचा. माणूस चालला की गोल चालायला हवा, माणूस थांबला की गोल थांबायला हवा, बस्स, एवढंच काम. कार्यक्रम आधीच होऊन गेलेला असायचा आणि टीव्हीवर पुढे काही आठवड्यांनी लागायचा. तोवर भाऊ फोनवर आईला सांगून ठेवायचा, "आये, ती पिवल्या साडीवाली गाया लागंल ना, तिच्यावरचा गोल माझा हाय. ध्यानात ठेव."

आई ध्यानात ठेवायची. पेणच्या खाली, खाडीकडच्या आमच्या गावात त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर शेजारपाजारचे जमायचे. पिवळ्या साडीवाली आली की आई पदर सावरून पुढे सरकायची आणि बोट दाखवायची, "ह्यो. ह्यो माझ्या पोराचा." बाई नाचत इकडून तिकडे पळाली तरी गोल तिला सोडत नसे. बाबा मान डोलवून म्हणायचे, "एकदा पन सुटली नाय." शेजारची म्हातारी तर एकदा म्हणाली, बाई बरी हाय, पन उजेड जास्त चांगला हाय. सगळे हसले. मला मात्र तेव्हाही रागच यायचा. बक्षीस घेताना ती मंडळी देवाचे, आईवडिलांचे, मेकअपवाल्याचे आभार मानायची, डोळे पुसायची, आणि ज्याच्यामुळे त्यांचे डोळे पुसलेले दिसायचे त्याचं नाव कुणी घेत नसे. मी हे बोलून दाखवलं की भाऊ फोनवर हसायचा. "ताई, आमचं नाव घ्याया लागले तर त्यांचं अवार्ड संपायचं कधी?"

त्याला त्या लाइनीत नेलं ते खांब गावच्या एका मित्राने. आम्ही त्याला आजही खांबवाला म्हणतो. हायवेवर त्याच्या काकाचं टायरचं दुकान होतं, पण याचा जीव पहिल्यापासून सिनेमात. तो आधी मुंबईला गेला, गोरेगावात एका खोलीत पाचसहा जणांत राहिला, आणि वर्षभरात भावालाही बोलावून घेतलं. बाबा तेव्हा मिठागरात कामाला होते. मिठागरं एकेक करून बंद होत चालली होती, भावाला रोह्याच्या कंपनीत शिफ्टला चिकटवावं असं मी म्हणत होते, कारण माझं लग्न होऊन मी रोह्यात आले होते आणि स्वतः एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. भाऊ म्हणाला, "तुझ्या कंपनीचा वास मला सोसायचा नाय." आणि गेला.

गेला तो बारा वर्षं तिकडेच. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, येताना आईला काही ना काही घेऊन यायचा. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, रात्री बाहेर आणि दिवसा झोपलेला नवरा कोण करील. आई त्याला जिताडा माशाची मधली तुकडी वाढायची, डोकं बाबांना आणि शेपटाकडचं आम्हाला. लेकीला शेपटाकडचं का, यावर आमचं दरवेळी भांडण व्हायचं, आणि भाऊ माझ्या ताटात आपली अर्धी तुकडी टाकायचा.

तीनेक वर्षांपूर्वी, पाऊस सरता सरता, तो एका गाण्याच्या शूटिंगला मचाणावरून पडून गेला. वर दिवा सरकवताना पाय सुटला, एवढंच आम्हाला कळलं. कुणाची चूक, फळी कुजकी होती की दोर, पट्टा दिला होता की नव्हता, हे विचारायला मी शूटिंगवाल्यांच्या ऑफिसात गेले होते. मला चहा दिला. चांगली वागणारी माणसं होती, म्हणून अधिकच चीड आली. त्याला पेणला आणलं तेव्हा खांबवाला गाडीत त्याच्या उशाशी बसून आला होता. गावात शिरताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "ताई, मीच न्हेलेला त्याला."  

आता दहाव्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. आमच्याकडे दहावा खाडीच्या बांधावर करतात. पिंड मांडतात, सगळे मागे सरकतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेल्याचा जीव मोकळा झाला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागे राहिलंय, मग घरातली माणसं एकेक करून पुढे होतात आणि मोठ्याने बोलतात, तुझं अमुक आम्ही करू, तमुक बघू. बायका सहसा जात नाहीत. आई घरीच होती. मी मात्र हट्टाने गेले होते.

कावळे होते. समोरच्या झाडावर चांगले पाचसात बसलेले होते, पण खाली एकही येईना. बाबा हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला काय कमी पडू द्यायचो नाय." कावळे बसून. चुलत्याने सांगितलं, तुझी गाडी विकणार नाही. कावळे बसून. मी म्हणाले, "आईबाबांना मी बघीन रे, तू काळजी करू नको." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढत गेलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले, आणि बाबांचं तोंड असं झालं की माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. पोराचं काय राहिलं असेल, हे बापाला ठाऊक नाही, ही लाज त्यांच्या तोंडावर होती.

तेव्हा खांबवाला पुढे आला. चिखलात गुडघे टेकले आणि रडत रडत म्हणाला, "मित्रा, तुझा फोटो अवार्डात लावतो. मेलेल्या हिरो लोकांचा लावतात तसा. सगल्या देशाला दाखवतो. तुझी शप्पथ."

त्या कार्यक्रमात मध्ये एकदा दिवे मंद करतात, हळू बासरी लावतात आणि वर्षभरात गेलेल्या कलाकारांचे फोटो दाखवतात. ते तो म्हणत होता. आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत एक कावळा खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भात घेऊन उडून गेला.

मी लॅबमध्ये काम करणारी बाई आहे. तो रडायला लागल्यावर आम्ही सगळे आणखी दहा पावलं मागे सरकलो होतो, हे मी पाहिलं होतं. कावळ्याला भूक होती आणि माणसं लांब गेली, म्हणून तो आला, असंच मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण बाबा मटकन खाली बसले. "ह्येच व्हतं," म्हणाले. "ह्येच राह्यलेलं त्याचं."

त्या दिवसापासून अवार्ड ही आमच्या घरात करमणूक राहिली नाही. ते देणं झालं. भाऊ मोकळा झालाय, पण उधारीवर, असं काहीतरी बाबांच्या डोक्यात बसलं. शब्द पाळला नाही तर तो परत अडकेल, मधेच कुठेतरी लटकून राहील. मचाणावर लटकल्यासारखा, असं ते एकदा म्हणाले आणि मग स्वतःच त्या शब्दाला घाबरले.

खांबवाल्याने त्या वर्षी खरोखरच जिवाचं रान केलं. पण त्याला अवार्डवाल्यांच्या ऑफिसात कोण विचारतो? दिवे लावणारा माणूस. याने त्याला सांगितलं, त्याने याला सांगितलं, शेवटी कुणीतरी म्हणालं, बघू. तेवढ्या एका 'बघू'वर आमच्या ओटीवर पुन्हा माणसं जमली. बाबांनी टीव्हीला हार घालायचाच काय तो बाकी ठेवला होता. दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली, फोटो येऊ लागले. एक जुना खलनायक, एक गाणारी बाई, एक दिग्दर्शक, मग आणखी कुणी कुणी, सगळे हसणारे, सगळे प्रसिद्ध. शेवटी एक समई दाखवली आणि जाहिरात लागली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

 शेजारची म्हातारी उठून चप्पल शोधू लागली.

त्यानंतर बाबा वाळत गेले. मी दर रविवारी रोह्याहून एसटीने जायची आणि दर खेपेला ते थोडे कमी झालेले दिसायचे. जेवायला बसले आणि कौलावर कावळा ओरडला की ताटावरून उठायचे. अंगणात जाऊन भात टाकायचे आणि हात जोडून सांगायचे, "धीर धर रे. लावतील." एकदा मी वाटेत गडब गावी उतरून भाजी घेत होते तर त्यांच्या ओळखीचा एक माणूस म्हणाला, तुझा बापूस बांधावर एकटाच बोलत असतो, बघ जरा. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते नुसते पेंगुळले, कावळा ओरडला की पेंगत पेंगत उठायचे.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मला सगळ्यांचाच राग यायचा. त्या खांबवाल्याचा, की असा शब्द द्यायची काय गरज होती. त्या अवार्डवाल्यांचा, की दोन सेकंद जास्त लागले असते तर काय आभाळ कोसळलं असतं. आणि भावाचाही, की मेलास तो मेलास, आम्हाला असा टीव्हीसमोर बसवून गेलास.

आईचं मात्र काही कळत नव्हतं. ती गप्प असायची. मला वाटायचं, ती आतून बाबांसारखीच जळते आहे. पण नीट पाहिलं तर तिचं जेवण सुटलेलं नव्हतं. ती चुलीपाशी हळू आवाजात कुणाशी तरी बोलायची. मी आत गेले की थांबायची. बाजारात जिताडा मिळाला तर मधली तुकडी काढून झाकून ठेवायची, आणि दुपारी उन्हं उतरल्यावर ती स्वतः खायची, भिंतीकडे तोंड करून, कुणाच्या तरी सोबतीला बसल्यासारखी.  म्हटलं, दोघंही हातची जाणार.

दुसरं वर्ष आलं. अवार्डच्या आधी एके दिवशी दुपारी मी लॅबमध्ये असताना खांबवाल्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. म्हणाला, या वर्षी पडद्यामागच्या लोकांचे फोटो पण घेणार आहेत, थोडेच घेणार आहेत, पण मी एका एडिटिंगवाल्याला धरलाय, साल उलटलंय तरी घ्यायला तयार झालाय, चांगला फोटो लगेच पाठव. माझ्या मोबाइलमध्ये शिमग्याचा एक फोटो होता. भाऊ दारात उभा, हसतोय, आणि शेजारी आई. हातमोजे काढून मी तो तिथल्या तिथे पाठवला. 

रविवारी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. पुष्कळ महिन्यांनी मी त्यांना सरळ उभं राहिलेलं बघत होते. ते तसेच शेजारी सांगायला निघाले, परत आले, सदरा घातला आणि मग गेले. मीही खूश होते. आईला सांगावं म्हणून मागच्या दारी गेले, ती दगडावर भांडी घासत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. पातेलं विसळलं, पालथं घातलं.

"त्या खांबवाल्याला सांग, नको म्हनून."

"का गो आये?"

"दाखवला की जाईल ना तो."

मला आधी समजलंच नाही.  ती माझ्याकडे न बघता पुढचं भांडं घासू लागली.

"शब्द दिल्याला हाय ना त्याला? तो पुरा व्हईस्तवर थांबल्याला हाय तो. पुरा झाला की कशाला थांबंल? गेल्या साली नाय दाखवला तर किती बरं वाटलं मला. तुमी सगली रडत व्हतात, मी आत जाऊन देवाला हात जोडलं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अगो, कावळ्याला भूक लागली होती म्हणून आला तो! आम्ही मागे सरलो म्हणून आला. कुणी थांबलेलं नाही आणि कुणी जाणार नाही."

"ह्ये तुझ्या बापाला सांग," आई म्हणाली. "त्येला पटलं तर मला पन पटंल."

ती चिडून बोलली नाही. नुसतं सांगितलं. बाबांना तर माझं ते कितीदा सांगून झालं होतं. एकाच कावळ्यावर दोघं जगत होती. बाबांना पोरगा सुटायला हवा होता, आईला राहायला हवा होता. आणि मी मधे, हातात मोबाइल घेऊन.

मी खांबवाल्याला फोन केला नाही. फोन हातात घेतला होता. पण पुढच्या दारातून बाबा कुणाला तरी हसत सांगताना ऐकू येत होते, फुडच्या रविवारी या, आमच्या पोराला दाखवनार हायेत. ते हसणं मला मोडवेना. आईचं मी कसंही सावरीन, बाबा मात्र आणखी एक वर्ष काढणार नाहीत, असा मी हिशेब केला. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. पण आईच्या डोळ्याला डोळा देऊन मी त्या दिवशी निघाले नाही, हेही खरं.

अवार्डच्या रविवारी ओटी भरून गेली होती. मी आणि माझा नवरा दुपारीच आलो होतो. बाबांनी दाढी केली होती, टीव्ही स्टुलावर उंच ठेवला होता, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. आई स्वयंपाकघरात होती. तिला बाहेर बोलावलं तर म्हणाली, चहा टाकते. सगळ्यांना चहा म्हणजे दोन पातेली, तिला चांगलंच निमित्त मिळालं होतं.

कार्यक्रम चालू झाला. नाच झाले, थट्टा झाल्या, कुणाला उत्कृष्ट हे मिळालं, कुणाला उत्कृष्ट ते. एक मुलगा बक्षीस घेऊन बोलता बोलता स्टेजच्या अगदी कडेला गेला आणि त्याच्यावरचा गोल मागे राहिला, क्षणभर तो अंधारात बोलत राहिला. आमच्या ओटीवर सगळ्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या कुठल्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नसेल. बाबा हळूच म्हणाले, "ह्याचा हात नवा हाय."

मग दिवे मंद झाले. बासरी लागली. बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले, दोन्ही हात मांडीवर. पहिला फोटो आला, एका म्हाताऱ्या नटाचा. दुसरा आला. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. माणसांच्या पायांतून वाट काढत, कुणाला धक्का न लावता ती भिंतीपर्यंत गेली, ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताने बटण बंद केलं.

टीव्ही काळा झाला. आधी सगळ्यांना वाटलं, वीज गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. बाबांनी वळून बघितलं. आई तिथेच उभी होती, हात बटणावर.

"चालू कर," बाबा म्हणाले.

आईने मान हलवली. नाही.

बाबा उठले आणि त्यांनी हात उगारला. माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी आईवर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. तो खाली आला नाही, मधेच राहिला. माझ्या नवऱ्याने पुढे होऊन बटण दाबलं. टीव्ही लागला, केबलचा बॉक्स मात्र आपल्या सवयीने वेळ घेत बसला, थांबा थांबा असं काहीतरी पडद्यावर गोल फिरत राहिलं. चित्र आलं तेव्हा जाहिरातीतली एक बाई साबणाने तोंड धूत होती.

माणसं उठली. चहाही कुणी घेतला नाही. आई ट्रे तसाच घेऊन आत गेली आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या पाठीकडे बघून मला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी अंगणात आले. खांबवाला रडत होता. "ताई, बघितलात ना? दोन सेकंद, पन लावला! नाव पन लावलं!"

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर शोधलं. तेवढा तुकडा कुणीतरी टाकलेला होता. एक संगीतकार, मग माझा भाऊ, मग एक नटी. आईला त्यांनी फोटोतून कापलं होतं, पण तिचा हात भावाच्या खांद्यावर तसाच राहिला होता, हिरव्या बांगड्यांसकट. सगळ्या देशाने तो हात पाहिला आणि कुणाला ठाऊक नाही तो कुणाचा. मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. 

बाबांना मी विहिरीपाशी बोलावून दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी धरला. बघितल्यावर परत दिला आणि विचारलं, "नाव वाचलंस? बरोबर लिव्हलंय?"

"बरोबर लिहिलंय."

त्यांनी खाडीकडे तोंड करून हात जोडले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पोरगा जायच्या आधी होता तसा दिसला मला, थकलेला पण साधा. मग मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. दगडावर ती काय बोलली, तुकडी कुणासाठी झाकून ठेवते, कुणाशी बोलते. ते ऐकत राहिले. हात उगारला होता तो उजवा हात ते डाव्या हाताने चोळत होते.

"मला कवा बोलली नाय," एवढंच म्हणाले.

आत गेलो तेव्हा आई न प्यालेला चहा मोरीत ओतत होती. तिने मला बाजूला घेतलं. "खांबवाल्याचा फोन व्हता ना? दिसला का गो?"

"नाय," मी म्हणाले.

"खरं सांग."

मी परत नाय म्हणणार, तोच बाबा दारातून ओरडले. "कुठला दिसतोय! फसवलं मेल्यांनी! परत फसवलं! हिरोंचंच कवतिक त्यांना, गरिबाच्या पोराला कोन विचारतो!" असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल लाथाडलं. आईने एक मोठा श्वास सोडला आणि राहिलेला चहा ओतून टाकला.

त्याला वर्ष होऊन गेलं. बाबा नीट जेवतात, बांधावर जात नाहीत. कावळा ओरडला तर उठत नाहीत, पण आईचं लक्ष असेल तर उठतात, भात टाकतात, धीर धर म्हणतात. अवार्डवाल्यांना तर त्यांनी इतक्या शिव्या घातल्यात की गावात ती एक गंमत झालीय. टीव्हीवर फोटो बघितलेलं कुणी आईला खरं सांगेल म्हणून ते पारावर आधीच जाऊन बसतात आणि तोंड बंद ठेवायची तंबी देतात. खांबवाला आला तेव्हा त्याला रस्त्यावरच गाठून सांगितलं. त्याने आमच्या ओटीवर बसून आईसमोर मान खाली घातली आणि मला जमलं नाय म्हणून माफी मागितली. त्या बिचाऱ्याने आयुष्यात एकच मोठं काम केलं, आणि ते केलं नाही असं त्याला बोलून दाखवावं लागलं.

या वर्षी पुन्हा अवार्ड लागलं. ओटीवर आम्ही घरचेच होतो. फोटो सुरू झाले तसे बाबा पुढे सरकून बसले, मांडीवर हात ठेवून, डोळे पडद्याला लावून. मी आईकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती, बटणाकडे गेली नाही. शेवटचा फोटो गेला, जाहिरात लागली. बाबांनी कपाळावर हात मारला आणि अवार्डवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आई येऊन त्यांच्याजवळ बसली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाव द्या. रडू नका. फुडच्या साली दाखवतील." बाबांनी मान खाली घातली, आणि ते खरोखरच रडत होते.